काटा पावतीवरची तारीख : मजकूर म्हणून साठवलेल्या दिनांकांचे एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात शेतकऱ्यांनी मिळून उभी केलेली एक उत्पादक कंपनी आहे. ती सभासदांचा कापूस विकत घेते, जवळच्या जिनिंगमध्ये त्याची रुई आणि सरकी वेगळी करून घेते आणि रुईच्या गाठी विकल्या गेल्या की सभासदांचे उरलेले चुकारे म्हणजे कापसाचे पैसे देते. या कंपनीचे संगणकीय काम मी पाहतो. २०२१-२२ च्या हंगामात आमच्या नोंदींमध्ये जो घोळ झाला आणि तो ज्या रीतीने निस्तरला, त्याची ही सविस्तर हकीकत आहे. अशाच छोट्या संस्थांमध्ये नोंदी सांभाळणाऱ्या अनेकांच्या तक्त्यांत हाच दोष आज शांतपणे पडून असेल, असे मला मनापासून वाटते, म्हणून ती लिहिली आहे.

कंपनीचे व्यवहाराचे नियम दोन होते आणि ते प्रत्येक सभासदाला तोंडपाठ होते. पहिला नियम भावाचा : ज्या दिवशी काटा म्हणजे वजन होईल त्या दिवशीच्या भावाने हिशेब. दुसरा नियम क्रमाचा : पहिला हप्ता काट्यावरच, आणि उरलेली रक्कम गाठी विकल्या जातील तसतशी, ज्याचा काटा आधी त्याला आधी. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये आणि मध्यम धाग्याचा ५,७२६ रुपये होता, पण बाजारातला भाव त्याच्या बराच वर चालला होता आणि हंगाम पुढे सरकेल तसा चढत होता. त्यामुळे तारीख चुकली की पैसाच चुकत होता. क्विंटलमागे शंभर रुपयांचा फरक पडला, तर पंधरा क्विंटल आणणाऱ्या शेतकऱ्याचे दीड हजार रुपये इकडचे तिकडे होतात, आणि कोरडवाहू शेती करणाऱ्या घरात दीड हजार ही विसरून जाण्याजोगी रक्कम नसते.

कंपनीची खरेदी केंद्रे दोन होती. पहिले केंद्र कार्यालयालाच लागून होते आणि तिथे नोंदी थेट संगणकावरच्या फॉर्ममध्ये भरल्या जात. दुसरे केंद्र काही कोस आत होते. तिथे इंटरनेट भरवशाचे नसल्याने नोंदी लॅपटॉपवरच्या एक्सेलमध्ये होत आणि दर दोन-तीन दिवसांनी ती फाइल पेनड्राइव्हवर कार्यालयात येई. दोन्हीकडच्या नोंदी शेवटी मायएसक्यूएल या माहिती साठवण्याच्या प्रणालीतल्या एकाच तक्त्यात जमा होत. त्या तक्त्यात तारखेचा रकाना ‘व्हार्कार’ म्हणजे साध्या मजकुराचा होता.

तो तसा का ठेवला, हे सांगणे आवश्यक आहे, कारण तो निर्णय निष्काळजीपणाने घेतलेला नव्हता. सीतादही म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा होऊन वेचणीला जोर आला की काट्यावर बंड्या, ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग लागते, वीज केव्हाही जाते आणि नोंद करणारा मुलगा रात्री अकरालाही खुर्चीवरून उठलेला नसतो. अशा वेळी संगणकाने ‘तारीख चुकीची आहे’ म्हणून नोंद अडवली तर रांग तुंबते आणि कापूस भरलेली गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहते. म्हणून आम्ही ठरवले की माणूस जे लिहील ते जसेच्या तसे घ्यायचे आणि सुधारणा नंतर करायची. अडवायचे नाही हा हेतू योग्य होता. चूक अशी झाली की ‘नंतर’ कधी येणार आणि ते काम कोण करणार, हे आम्ही कुठेच ठरवले नव्हते.

दोष उघड झाला तो २०२२ च्या संक्रांतीच्या आठवड्यात. गाठींच्या एका मोठ्या विक्रीचे पैसे आले होते, त्यातून द्यायच्या चुकाऱ्यांची यादी संगणकाने काढून दिली होती, यादीतल्या वरच्या काही नावांच्या खात्यात पैसे जमाही झाले होते आणि संपूर्ण यादी फलकावर लावली होती. पहिल्या केंद्राचे एक वयस्क सभासद हातात काटा पावती घेऊन आत आले. त्यांनी फलकावरच्या एका नावाकडे बोट दाखवून विचारले, “बाबू, माहा काटा नोव्हेंबरात झाला, अन् याचा तं नव्या सालात. मंग याचं नाव माह्या आंधी कसं?” त्यांच्या पावतीवर २९/११/२०२१ अशी तारीख होती. ज्याच्या नावाकडे त्यांनी बोट दाखवले त्याची होती ०२/०१/२०२२. मी म्हणालो, “बसा काकाजी, पाहतो.” पाहिल्यावर पहिल्याच मिनिटात कळले की हा एका नावाचा प्रश्न नाही, सगळी यादीच उलटीसुलटी आहे.

कारण समजायला पाच तारखा पुरेशा आहेत. मूळ तक्त्यात हे अंक इंग्रजी होते, इथे देवनागरीत दिले आहेत. संगणकाने त्यांचा लावलेला क्रम असा होता : ०१/१२/२०२१, ०२/०१/२०२२, ०३/१२/२०२१, १५/११/२०२१, २९/११/२०२१. माणसाच्या डोळ्याला या पाचही तारखा दिसतात, पण मजकुराच्या रकान्यात त्या फक्त दहा-दहा अक्षरांच्या ओळी असतात, आणि संगणक त्या शब्दकोशातल्या शब्दांसारख्या डावीकडून एकेक अक्षर पाहत लावतो. आपल्याकडे तारीख दिवसापासून सुरू होते, म्हणून सर्वांत आधी दिवसाचा अंक पाहिला जातो, महिना त्यानंतर आणि वर्ष सगळ्यात शेवटी. त्यामुळे कोणत्याही महिन्याची १ तारीख ही कोणत्याही महिन्याच्या २९ तारखेच्या आधी येते, मग मधे वर्ष का बदललेले असेना. आमच्या यादीत महिन्याच्या सुरुवातीला काटा झालेले सगळे वर गेले आणि महिनाअखेरीस काटा झालेले सगळे खाली राहिले. काकाजींचा दोष एवढाच होता की त्यांचा कापूस महिन्याच्या २९ व्या दिवशी आला.

याच दोषाचे दुसरे रूप त्याआधीच समोर येऊन गेले होते, पण ते ओळखता आले नाही. एका संचालकांनी डिसेंबरअखेर विचारले होते की नोव्हेंबरची खरेदी इतकी कशी दिसते, जिनिंगच्या गेटवर तर एवढा कापूस गेलेलाच नाही. महिन्याची बेरीज काढताना क्वेरीत, म्हणजे तक्त्याला द्यायच्या आज्ञेत, ‘बिटवीन’ वापरून ०१/११/२०२१ ते ३०/११/२०२१ अशी मर्यादा घातलेली होती. मजकुराच्या हिशेबाने १५/१२/२०२१ ही ओळ या दोन ओळींच्या मधेच बसते, कारण ‘१५’ हे ‘०१’ नंतर आणि ‘३०’ च्या आधी येते. अशा रीतीने डिसेंबरच्या १ ते २९ या सगळ्या दिवसांचा कापूस नोव्हेंबरच्या बेरजेत मोजला जात होता. आम्ही त्या वेळी आकडा चुकीचा म्हणून वजनांची पडताळणी केली, वजने बरोबर निघाली आणि विषय तिथेच थांबला. तारखेकडे कोणाचेही लक्ष गेले नाही, कारण पडद्यावर प्रत्येक तारीख दिसायला बरोबरच होती.

तिसरे रूप अधिक वाईट होते, कारण त्यात नावच नाहीसे होत होते. रोजचे भाव वेगळ्या तक्त्यात होते आणि काट्याची नोंद तारखेवरून त्या भावाशी जोडली जात होती. भावाच्या तक्त्यात ०५/११/२०२१ असे लिहिले होते आणि काट्याच्या तक्त्यात कोणी ५/११/२०२१ असे लिहिले, तर मजकूर म्हणून या दोन वेगळ्या ओळी ठरतात, जोड बसत नाही आणि ती नोंद हिशेबातूनच गळते. पुढचे एक शून्य न लिहिल्यामुळे एखाद्या सभासदाचा कापूस कंपनीच्या लेखी आलाच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

त्याच दिवशी उरलेले चुकारे थांबवले आणि तात्पुरता उपाय म्हणून यादीचा क्रम लावताना ‘स्ट्र-टू-डेट’ हे फंक्शन वापरले. मजकुरात आधी दिवस, मग महिना, मग चार अंकी वर्ष आणि मधे तिरकी रेघ आहे, असे त्याला सांगितले की ते मजकुरावरून खरी तारीख तयार करते. पाच तारखांचा क्रम लगेच सरळ झाला. परंतु पूर्ण यादी काढली तेव्हा सर्वांत वर एक मोठा गट आला, ज्याला तारीखच नव्हती. सांगितलेल्या साच्यात न बसणाऱ्या मजकुराला हे फंक्शन ‘नल’ म्हणजे रिकामे ठरवते, आणि मायएसक्यूएल चढत्या क्रमात रिकाम्या किमती सर्वांत आधी ठेवते. पोस्टग्रेस या तशाच दुसऱ्या प्रणालीत त्या शेवटी गेल्या असत्या. म्हणजे हा उपाय न तपासता वापरला असता, तर ज्यांची तारीख वाचताच येत नव्हती त्यांना सर्वांत आधी पैसे गेले असते. एका अन्यायाच्या जागी दुसरा अन्याय बसला असता.

त्या रिकाम्या गटात काय काय आहे ते काढले, तेव्हा काम किती मोठे आहे याची कल्पना आली. काही तारखा देवनागरी अंकांत होत्या, कारण पहिल्या केंद्रावरचा मुलगा वीज गेली की मोबाइलवरून फॉर्म भरी आणि त्याचा कळफलक मराठी होता. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक ही संगणकासाठी पूर्णपणे वेगळी चिन्हे आहेत. त्यांचे संकेतांकही वेगळे आहेत, आणि आमच्या तक्त्यात संकेतांकांप्रमाणे क्रम लागत असल्याने या नोंदी मूळ यादीत सगळ्यांच्या तळाशी गेल्या होत्या. काही तारखा ५-११-२१ अशा दोन अंकी वर्षाच्या होत्या. काही ठिकाणी तारखेऐवजी नुसता ४४५२९ असा आकडा होता. हा एक्सेलचा स्वतःचा दिवसांचा हिशेब आहे. एक्सेल तारीख साठवते ती १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस मानून मोजलेल्या दिवसांच्या रूपात, आणि त्या मोजणीत प्रत्यक्षात कधीही न आलेला २९ फेब्रुवारी १९०० हा दिवसही धरलेला आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रणालीशी मेळ राहावा म्हणून ही चूक मुद्दाम तशीच ठेवलेली आहे. त्यामुळे उलट हिशेब करताना हा आकडा ३० डिसेंबर १८९९ मध्ये मिळवावा लागतो. ४४५२९ म्हणजे २९ नोव्हेंबर २०२१. हे सर्व प्रकार त्रासदायक होते, पण त्यांत संशय नव्हता. प्रत्येकाचा अर्थ एकच निघत होता.

उरला तो आडव्या रेघेचा गट, आणि या प्रकरणातला खरा धोका तिथे होता. ११-०५-२०२१, ११-०२-२०२१ अशा नोंदी मोठ्या संख्येने होत्या. आडव्या रेघेच्या जागी तिरकी रेघ घालण्याची एक क्वेरी मी चालवून पाहिली आणि रिकाम्या नोंदी जवळजवळ संपल्या. क्षणभर मला वाटले की काम झाले. नंतर महिन्यावार मोजणी समोर ठेवली, तर मे २०२१ मध्ये कापूस आलेला दिसत होता, फेब्रुवारीत आणि जुलैतही दिसत होता. मे महिन्यात आमचे केंद्र बंद असते, आणि जुलैत तर शेतात कपाशी वीतभरही झालेली नसते. ज्या माणसाला कपाशीचा हंगाम माहीत नाही त्याने ही मोजणी पाहिली असती आणि पुढे गेला असता, कारण तांत्रिकदृष्ट्या तिच्यात काहीही खटकणारे नव्हते. प्रत्येक तारीख दिनदर्शिकेत अस्तित्वात होती.

या सगळ्या नोंदी दुसऱ्या केंद्राच्या होत्या, म्हणून त्या केंद्राचा जुना लॅपटॉप मागवला आणि मूळ फाइल त्यावरच उघडली. तारखेचा रकाना पाहताच कारण कळले. त्या एका रकान्यात काही तारखा कप्प्याच्या डाव्या कडेला चिकटलेल्या होत्या आणि काही उजव्या. एक्सेल मजकूर डावीकडे ठेवते आणि ज्या नोंदीला ते तारीख किंवा संख्या म्हणून ओळखते ती उजवीकडे ठेवते, जोपर्यंत कोणी हाताने मांडणी बदलत नाही. डावीकडच्या सगळ्या नोंदी १३ ते ३१ तारखांच्या होत्या. उजवीकडच्या सगळ्या १ ते १२ तारखांच्या होत्या.

लॅपटॉपची प्रादेशिक मांडणी, म्हणजे तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची आणि दाखवायची ते ठरवणारी सेटिंग, अमेरिकी होती, आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात. केंद्रावरच्या मुलाने बरोबर ०५/११/२०२१ असे लिहिले, एक्सेलने त्याचा अर्थ ११ मे असा घेतला आणि ती तारीख म्हणून साठवली. त्याने १५/११/२०२१ लिहिले तेव्हा पंधरावा महिना नसल्याने एक्सेलने तो मजकूर समजून तसाच ठेवला. त्या पडद्यावर त्याला दोन्ही वेळा आपण लिहिलेलेच दिसत होते, कारण अमेरिकी पद्धतीत ११ मे हा ५/११/२०२१ असाच दिसतो. त्यामुळे त्या मुलाला दोष देण्याचा प्रश्नच येत नाही. फाइल कार्यालयातल्या संगणकावर आली, तिथे मांडणी भारतीय होती, आणि तोच दिवस तिथे ११-०५-२०२१ असा उमटला. मजकूर म्हणून राहिलेल्या तारखा मात्र तिरक्या रेघेसकट शाबूत आल्या. म्हणजे आडवी रेघ हीच उलटलेल्या तारखेची खूण होती. मी ती खूण मघाशी एका क्वेरीने पुसून टाकणार होतो. पुसली गेली नाही, कारण मी प्रयोग तक्त्याच्या प्रतीवर केला होता.

हे अनुमान खरे असेल, तर दुसऱ्या केंद्राच्या आडव्या रेघेच्या प्रत्येक नोंदीत दिवस आणि महिना दोन्ही बारा किंवा त्याहून लहान असायला हवेत आणि तिरक्या रेघेच्या प्रत्येक नोंदीतला पहिला आकडा बाराहून मोठा असायला हवा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या फायलींत हे तंतोतंत जुळले, एकही अपवाद निघाला नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर मात्र १५-१२-२०२१ अशी आडव्या रेघेची, पण पंधराव्या दिवसाची नोंद मिळाली, आणि मग तशा आणखी मिळाल्या. विचारपूस केल्यावर कळले की तेव्हा लॅपटॉप नादुरुस्त झाला होता आणि दुसऱ्या केंद्राच्या पावत्या कार्यालयात आणून इथल्याच संगणकावर त्याच फाइलमध्ये भरल्या होत्या. इथे भरलेल्या तारखा सरळ होत्या आणि दिसायला मात्र उलटलेल्या तारखांसारख्याच होत्या.

त्यामुळे काही नोंदींचे दोन अर्थ निघत होते आणि दोन्ही हंगामातच बसत होते. ११-१२-२०२१ ही नोंद लॅपटॉपवरची असेल तर ती १२ नोव्हेंबर, कार्यालयातली असेल तर ११ डिसेंबर. ०५-११-२०२१ चे तसे नव्हते. ती नोंद उलटवली तर ११ मे निघतो आणि तो हंगामाबाहेरचा आहे, म्हणून ५ नोव्हेंबर हाच अर्थ उरतो. अशा नोंदींचा निकाल हंगामावरून लागला. दोन्ही अर्थ शक्य असलेल्या नोंदींसाठी मात्र कोणतेही सूत्र चालणार नव्हते. तिथे कागदाकडेच जावे लागले.

काटा पावतीच्या पुस्तकाला छापील क्रमांक असतो, आणि संगणकाला आलेले नसले तरी त्या क्रमांकाला काळाचे भान असते. पुस्तकातल्या आधीच्या आणि नंतरच्या पावत्यांच्या तारखा निश्चित असतील, तर मधल्या पावतीची तारीख त्या दोन्हींच्या दरम्यानच असणार. अडचण एवढीच होती की गर्दीच्या दिवसांत केंद्रावर दोन पुस्तके एकाच वेळी चालत, म्हणून क्रमांक पुस्तकाच्या आतच पाहायचा, दोन पुस्तकांचे क्रमांक एकत्र करायचे नाहीत, असा नियम आम्ही घालून घेतला. शिवाय एकाच पुराव्यावर तारीख ठरवायची नाही, पावती क्रमांकाला जिनिंगच्या गेटवरच्या नोंदवहीची, बँकेतल्या पहिल्या हप्त्याची किंवा खुद्द सभासदाच्या सांगण्याची जोड मिळाली तरच ती पक्की धरायची, असेही ठरवले.

असे एक उदाहरण माझ्या चांगले लक्षात आहे. दुसऱ्या केंद्राच्या एका शेतकरी काकूंची नोंद ११-१२-२०२१ अशी होती आणि त्यांच्याजवळच्या पावतीवर महिन्याच्या जागी पाणी पडून शाई पसरली होती. मी तारीख विचारली नाही, कारण तारीख विचारली की माणूस समोरच्याला हवी ती सांगून मोकळा होतो. मी विचारले, “काकू, कापूस नेला त्या दिवशी आणखी काय काम केलं होतं?” त्या म्हणाल्या, “पाडवा झाल्यावरचा बाजार होता. तिखट-मिठाचं घेतलं अन् गाडीवाल्याचं भाडं तिथंच देल्लं.” त्यांच्या गावचा आठवडी बाजार शुक्रवारी भरतो. २०२१ साली दिवाळीचा पाडवा ५ नोव्हेंबरला, शुक्रवारीच होता, आणि त्यानंतरचा शुक्रवार १२ नोव्हेंबर. ११ डिसेंबर हा शनिवार होता. पावतीचे पुस्तक उघडले तर त्यांच्या क्रमांकाच्या मागच्या आणि पुढच्या पावत्या नोव्हेंबरच्याच, डाव्या कडेला चिकटलेल्या पक्क्या तारखांच्या मधल्या निघाल्या. त्यांची तारीख १२ नोव्हेंबर ठरली.

प्रत्यक्ष दुरुस्ती करताना मूळ मजकुराच्या रकान्याला हात लावला नाही. कोणीतरी सुचवले होते की त्याच रकान्याचा प्रकार बदलून तारखेचा करावा. तसे करणे फार धोक्याचे आहे, कारण मायएसक्यूएलला साचा सांगितला नाही तर ते मजकूर वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने वाचते. १०/११/१२ याचा अर्थ ते १२ नोव्हेंबर २०१० असा लावते, आणि मूळ मजकूर एकदा गेला की परत तपासायला काहीही उरत नाही. म्हणून शेजारी खऱ्या तारखेचा नवा रकाना केला आणि त्याच्या शेजारी आणखी एक रकाना, ज्याला आम्ही ‘आधार’ असे नाव दिले. नवी तारीख कशावरून ठरली ते त्यात लिहिले जाते : सरळ वाचली, देवनागरी अंक बदलले, एक्सेलचा आकडा उलगडला, दिवस-महिना उलटवला, पावतीवरून ठरवली, किंवा अनिर्णित. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट हाच रकाना आहे, कारण उद्या एखाद्या सभासदाने ‘माझी तारीख तुम्ही का बदलली’ असे विचारले तर त्याला उत्तर देता येते.

भरणे एकेका साच्याप्रमाणे केले आणि प्रत्येक टप्प्यानंतर उरलेल्या नोंदी मोजल्या. सर्वांत शेवटी १ ऑक्टोबर २०२१ ते ३१ जानेवारी २०२२ या १२३ दिवसांचा एक दिनदर्शिकेचा तक्ता केला, त्यात प्रत्येक दिवस सगळ्या संभाव्य लेखनपद्धतींत लिहिला आणि मूळ मजकूर त्याच्याशी जुळवला. जो मजकूर कोणत्याही दिवसाशी जुळत नव्हता तो बाहेर पडला. त्यात ३१/११/२०२१ अशा काही नोंदी निघाल्या. नोव्हेंबरला ३१ तारीख नसते. पावत्या पाहिल्या तेव्हा उलगडले की ३० तारखेची रांग मध्यरात्रीनंतरही चालू होती आणि बारा वाजल्यावर लिहिणाऱ्याने तारीख एकाने पुढे नेली, महिना मात्र तोच ठेवला. या नोंदी १ डिसेंबरच्या धरल्या.

नव्या नोंदींसाठी फॉर्ममध्ये तारीख निवडण्याचा कप्पा दिला. पडद्यावर तारीख कोणत्याही पद्धतीने दिसली तरी ब्राउझर ती वर्ष-महिना-दिवस अशाच रूपात पाठवतो. हाच आयएसओ ८६०१ या १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम आहे, आणि पूर्ण शून्यांसकट लिहिला तर मजकूर म्हणून लावला तरी तो काळाच्या क्रमानेच लागतो. पावतीवर आणि फलकावर तारीख पूर्वीसारखी दिवसापासूनच छापली जाते, कारण लोक तशीच वाचतात. साठवण्याची पद्धत आणि दाखवण्याची पद्धत वेगळी ठेवली, इतकेच. काट्याच्या तारखेखेरीज नोंद संगणकात केव्हा झाली ती वेळही आता सर्व्हर स्वतः लिहितो. ही एक गोष्ट पहिल्यापासून असती, तर पहिल्या केंद्राच्या कोणत्याही नोंदीबाबत शंकाच उरली नसती. दुसऱ्या केंद्रासाठी एक्सेलमध्ये दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे रकाने केले. तीन सुट्या आकड्यांचा उलटा अर्थ कोणत्याही लॅपटॉपला लावता येत नाही. वीज नसताना नोंद अडू नये म्हणून ‘तारीख नंतर’ अशी खूण ठेवण्याची सोयही दिली. तशी खूण केलेली नोंद चुकाऱ्याच्या यादीत जात नाही, आणि तिची पूर्तता दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी करायची त्याचे नाव ठरलेले आहे.

पैशांचा निर्णय संचालक मंडळाने घेतला. चुकीच्या क्रमाने ज्यांना आधी पैसे गेले होते त्यांच्याकडून परत मागायचे नाहीत, आणि पुढच्या विक्रीतून नोव्हेंबरच्या सभासदांचे चुकारे सर्वांत आधी द्यायचे, असे ठरले. भावातला फरक ज्यांना कमी मिळाला होता त्यांना तो देण्यात आला. ज्या थोड्या नोंदींची तारीख कशानेच ठरेना, त्यांच्यासाठी दोन संभाव्य तारखांपैकी चढ्या भावाची तारीख हिशेबाला धरावी, असा आग्रह मी धरला. चूक नोंदीची होती, कापूस आणणाऱ्याची नव्हती, आणि मंडळाने ते मान्य केले. तक्त्यात मात्र त्या नोंदींच्या तारखेचा रकाना आम्ही रिकामाच ठेवला आहे आणि आधाराच्या रकान्यात ‘अनिर्णित, चढा भाव दिला’ असे लिहिले आहे. हिशेबापुरती धरलेली तारीख खरी तारीख म्हणून नोंदवली असती, तर दोन वर्षांनी ती कोणालाही खरीच वाटली असती.

काकाजींचा चुकारा पुढच्या विक्रीतून पहिल्याच यादीत गेला. यादी फलकावर लावली तेव्हा ते स्वतः आले, आपल्या नावावरची आणि खालची पाच-सहा नावे पावत्यांच्या तारखांसह मोठ्याने वाचून घेतली आणि मगच गेले. तेव्हापासून प्रत्येक यादीवर नावासमोर काट्याची तारीख आणि पावती क्रमांक छापतो, आणि यादी लावल्यावर दोन दिवस पैसे सोडत नाही.